परत येणारी धून: फँटसी चित्रपटांचं ऑर्केस्ट्रा संगीत ऐकायला कसं शिकावं

आपल्याकडे सिनेमाचं संगीत म्हटलं की आधी गाणी आठवतात. पार्श्वसंगीताकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. फँटसी चित्रपट असे पाहिले तर मात्र अर्धी कथा हातची जाते. तिथे पात्रं गाणी म्हणायला थांबत नाहीत, पण ठरावीक धुना पुन्हा पुन्हा येतात आणि प्रत्येक वेळी काहीतरी बदलून येतात. कोण कुणाला विसरला, कुठलं राज्य मोडकळीला आलं, कुणाचं मन फिरलं, हे संवादांच्या आधी त्या धुनांना कळलेलं असतं.

फँटसीलाच याची एवढी गरज का, हे आधी समजून घेऊ. ऐतिहासिक चित्रपटात पडद्यावर रायगड दिसला की मराठी प्रेक्षकाच्या मनात आपोआप काहीतरी हलतं, कारण रायगडाची आठवण आपण घरातूनच घेऊन आलेलो असतो. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधल्या गोंडोर नावाच्या राज्याची आठवण कुणाकडेच नसते. ती दोन-तीन तासांत तयार करायची असते, आणि ते काम संगीतकार करतो. एकच धून योग्य जागी पुन्हा पुन्हा वाजवून तो आपल्याला त्या जगाचा भूतकाळ देतो. हे एकदा लक्षात आलं की पुढच्या सगळ्या पायऱ्या सोप्या होतात.

मला संगीताचं पाश्चात्त्य शिक्षण नाही. पेटी आणि थोडंफार गाणं, एवढ्यावर मी हे शिकले. त्यामुळे नोटेशन येत नाही म्हणून अडून राहू नका.

हाताशी काय हवं

- कानावर नीट बसणारे वायरचे हेडफोन. महाग नकोत, पण खर्ज ऐकू आला पाहिजे.
- पेटी, कीबोर्ड किंवा मोबाइलवरचं पियानोचं अ‍ॅप.
- एक वही. दृश्याची वेळ लिहायला समास आखलेली असेल तर उत्तम.
- चित्रपट, आणि त्याचा साउंडट्रॅक वेगळा. दोन्ही हवेत; का, ते पुढे येईलच.
- सलग तीन तास मिळतील अशी रात्र. मुंबईत हे सगळ्यात अवघड, पण निदान पहिल्या वेळी तुकड्या-तुकड्यांनी पाहू नका.

१. एकच चित्रपटमाला निवडा

माझा सल्ला विचाराल तर 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'पासून सुरुवात करा. तीन भाग, २००१, २००२ आणि २००३ साली आलेले, आणि तिन्हींचं संगीत हॉवर्ड शोर यांचं. एकाच माणसाने तिन्ही भाग केल्यामुळे पहिल्या भागात पेरलेली धून तिसऱ्या भागात कशी उगवते ते पाहता येतं. पहिल्या आणि तिसऱ्या भागाच्या संगीताला ऑस्कर मिळालं.

'हॅरी पॉटर'ची गोष्ट वेगळी. पहिले तीन भाग जॉन विल्यम्स यांचे, पुढे संगीतकार बदलत गेले. विल्यम्स यांची मुख्य धून शेवटपर्यंत टिकली, पण बाकीच्या बऱ्याच धुना वाटेत सुटल्या. नवख्या माणसाला हा धागा पकडताना दमछाक होते. म्हणून तो दुसऱ्या फेरीसाठी ठेवा.

२. पहिल्यांदा फक्त कथा पाहा

वही बंद, हेडफोन बाजूला. हिंदी डब आवृत्ती पाहिलीत तरी हरकत नाही; डबिंगमध्ये संवाद बदलतात, पार्श्वसंगीत सहसा तेच राहतं. एवढंच.

३. एक धून पाठ करा

ही पायरी बहुतेक लोक गाळतात. धून ऐकली म्हणजे ती ओळखीची झाली असं नाही. ती गळ्यातून किंवा बोटांतून गेली की मगच मागून, हळू, दुसऱ्याच वाद्यावर आली तरी सापडते.

शायरची, म्हणजे 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधल्या हॉबिट या बुटक्या लोकांच्या गावाची धून घ्या. सुरुवात अगदी साधी आहे: सा रे ग, मग प ग रे सा. सगळे शुद्ध स्वर. पहिल्या इयत्तेतलं मूलही पेटीवर वाजवेल. या साधेपणामागे विचार आहे. ज्यांचं जग शेत, स्वयंपाकघर आणि पाईपचा धूर एवढंच आहे, त्यांना अवघड स्वरवाक्य दिलं असतं तर ते खोटं वाटलं असतं. ती पहिल्या भागात टिन व्हिसल या छोट्या धातूच्या बासरीवर आणि फिडलवर, आयरिश लोकसंगीताच्या ढंगात येते.

आता 'स्टार वॉर्स'मधल्या डार्थ व्हेडर या खलनायकाचा मार्च पेटीवर घ्या. सा सा सा, मग मंद्रातला कोमल ध, मध्य सप्तकातला कोमल ग, आणि पुन्हा सा. आधी तीन वेळा एकच स्वर ठोकायचा, मग खाली जाऊन एकदम वर उडी. खर्जातून कोमल गंधारावर येणाऱ्या त्या उडीतच धमकी आहे. शायरचा सूर पायरी-पायरीने चढतो आणि तसाच पायरी-पायरीने घरी येतो, हा उड्या मारतो. हा फरक डोक्याने कळण्याआधी बोटांना कळतो.

तिसरी, हॅरी पॉटरची धून. मंद्र प, सा, कोमल ग, रे, सा, प, म, रे. इथपर्यंत ठीक. पुढच्या ओळीत शुद्ध रे वाजून गेल्यावर कोमल रे येतो. दोन्ही रिषभ एकाच ओळीत! आपला कान तिथे क्षणभर अडखळतो, आणि जादूचा भास तिथूनच होतो. वाद्यही तसंच निवडलंय: चेलेस्टा. दिसायला छोटा पियानो, पण आत तारांऐवजी धातूच्या पट्ट्यांवर हातोड्या पडतात. चायकोव्स्कीने १८९२ सालच्या 'नटक्रॅकर' बॅलेमध्ये परीच्या नाचासाठी हेच वाद्य वापरलं होतं.

आपल्याच ओळखीचं काही आधी करून पाहायचं असेल तर 'शोले'तला जयचा माउथ ऑर्गन घ्या. संध्याकाळी राधा एकेक दिवा मालवत जाते आणि समोर जय वाजवत बसतो. दोघांमध्ये संवाद नाही, तरी नातं कुठवर आलंय ते कळतं. धून कथा सांगते म्हणजे काय, ते यातून पहिल्या प्रयत्नातच समजतं.

४. धून पहिल्यांदा कुठे आली ते शोधा

वही आता उघडा. आपल्याला वाटतं त्यापेक्षा धून बरीच आधी येऊन गेलेली असते.

गोंडोरचंच पाहा. या राज्याचं पांढरं शहर आपण नीट पाहतो ते तिसऱ्या भागात. गॅन्डाल्फ हा जादूगार घोडा दौडवत चढण चढतो आणि ऑर्केस्ट्रा पूर्ण ताकदीने ती धून वाजवतो. पुढे डोंगरामागून डोंगरावर मशाली पेटत जातात तेव्हा तीच धून टप्प्याटप्प्याने फुगत जाते. थिएटरात अंगावर काटा येतो तो याच जागी.

पण तीच धून पहिल्या भागात येऊन गेलेली आहे. एल्रॉन्डने बोलावलेल्या सभेत गोंडोरचा योद्धा बोरोमीर आपल्या लोकांबद्दल बोलायला उभा राहतो. त्याचं म्हणणं चुकीचं आहे. शत्रूची जादूची अंगठी शस्त्र म्हणून वापरावी असं तो सांगतोय. त्याच वेळी मागे एकच हॉर्न, म्हणजे वेटोळ्याचं पितळी वाद्य, दबक्या आवाजात, गोंडोरची धून वाजवतो. आपल्याला ते राज्य ठाऊक नसतं, धूनही नवी असते, त्यामुळे लक्षात येत नाही. पण कानाने ती ठेवून घेतलेली असते. दोन वर्षांनी आलेल्या चित्रपटात ती पूर्ण वाजते तेव्हा आपल्याला वाटतं की हे राज्य खूप जुनं आहे, आपण याला कधीपासून ओळखतो. ती ओळख त्या एका हॉर्नने करून दिलेली असते.

मला यातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते ती ही की शोर यांनी बोरोमीरला धून नाकारली नाही. माणूस चुकतोय, पण ज्या गावासाठी तो चुकतोय त्या गावावरचं त्याचं प्रेम खरं आहे, हे संगीत आपल्याला सांगतं. संवादात याला जागाच नव्हती.

वहीत लिहायचं ते एवढंच: वेळ, दृश्य, वाद्य, आणि धून पूर्ण होती की तुकडा. वाद्याचं नाव येत नसेल तर 'जाड पितळी आवाज', 'एकटी बासरी' असं लिहा, चालतं.

५. परत आली की काय बदललं ते विचारा

खरी मजा इथे आहे, म्हणून इथे घाई करू नका. धून परत आली हे ओळखणं म्हणजे निम्मंच काम. ती तशीच्या तशी परत आली तर संगीतकाराने नुसती आठवण करून दिली. बदलून आली तर त्याने काहीतरी सांगितलं.

आधी वाद्य पाहा. व्हेडरचा तो मार्च १९८० सालच्या 'एम्पायर स्ट्राइक्स बॅक'मध्ये पहिल्यांदा आला, पितळी वाद्यांच्या गडगडाटात. (१९७७ सालच्या मूळ चित्रपटात तो नाहीच, अनेकांना हे पटत नाही, तपासून पाहा.) १९८३ सालच्या 'रिटर्न ऑफ द जेडाय'मध्ये व्हेडर मुलाच्या समोर प्राण सोडतो. तेव्हा त्याच स्वरांची शेवटची ओळ हार्पवर, एकेक स्वर सुटा, जवळजवळ कुजबुजल्यासारखी येते. स्वर तेच, पण त्यातला गणवेश, सैन्य, दरारा सगळं काढून घेतलेलं. खाली जो उरतो तो एक म्हातारा बाप.

आणि १९९९ साली त्याच व्हेडरचं बालपण दाखवताना विल्यम्स यांनी एक निरागस, गोड धून रचली. तिच्या शेवटाकडे लक्ष द्या: त्या मार्चमधल्याच उड्या तिथे हळूच दडवलेल्या आहेत. मुलगा अजून आठ-नऊ वर्षांचा आहे, पडद्यावर काहीही वाईट घडलेलं नाही, पण संगीताला पुढचं माहीत आहे.

दुसरं, धून पूर्ण आहे का ते पाहा. 'फेलोशिप'ची, म्हणजे नऊ सोबत्यांची धून, फ्रोडो आणि सॅम हे दोन हॉबिट गावाबाहेर पडतात तेव्हा लहान, संकोचून आलेली असते. सोबती जमतात तशी ती भरत जाते. एल्रॉन्डच्या सभेनंतर, नऊ जण खडकांमधून एकामागोमाग चालत जातात तिथे ती पहिल्यांदा अंगभर वाजते. मोरियाच्या खाणीत गॅन्डाल्फला गमावल्यावर ती कशी येते, किती येते, हे तुम्हीच वहीत टिपा. मी सांगितलं तर मजा जाईल.

मग लय. आयझेनगार्डच्या, म्हणजे दुष्ट जादूगार सारूमानच्या गडाच्या, संगीतात पाच मात्रांचं आवर्तन आहे, खाली धातूच्या पत्र्यांवर घण पडल्यासारखे ठोके. पाश्चात्त्य चित्रपट संगीताला दोन, तीन, चार मात्रांची सवय, त्यामुळे तिथल्या प्रेक्षकाला त्या पाचांत पाय टेकायला जागा सापडत नाही. झपतालाची सवय असलेल्या आपल्या कानाला पाचाची एवढी भीती वाटत नाही, हे खरं. तरी हातावर टाळी देत मोजा. मशीन चालतंय, माणूस नाही, हे कळतं. यंत्रासाठी झाडं तोडणाऱ्या सारूमानला ही लय का दिली, ते वेगळं सांगायला नको.

आणि शेवटी, धून कुठल्या दृश्यावर आली. शायरची ती सा रे ग शायरमध्ये येते यात नवल नाही. पण तिसऱ्या भागात मॉर्डोरच्या, म्हणजे शत्रूच्या मुलखाच्या, राखेत सॅम फ्रोडोला विचारतो, शायर आठवतं का, आणि तिथे ती फुंकून वाजवायच्या एकट्या वाद्यावर येते तेव्हा डोळे भरून येतात. गावापासून सगळ्यात लांब असताना गावाची धून. पडद्यावर एकही हिरवं पान नसतं.

६. धून म्हणजे दारावरची पाटी नव्हे

नवख्या श्रोत्यांचा सगळ्यात मोठा घोळ इथे होतो. अमुक धून म्हणजे अमुक पात्र, अशी यादी करून ती पाठ केली की खेळ संपल्यासारखा वाटतो. मग पात्र पडद्यावर नसताना त्याची धून आली की गोंधळ उडतो.

धून पात्राची असते, तशीच जागेची, वस्तूची, भीतीची किंवा एखाद्या वचनाचीही असते. पात्र नसताना ती आली तर विचारा, आत्ता या दृश्यात कुणाच्या मनात काय आहे? आणि पात्र समोर असूनही त्याची धून आली नाही तर तेही टिपून ठेवा. संगीतकाराने ती मुद्दाम रोखून धरलेली असू शकते.

शोर यांच्या धुनांच्या तयार याद्या मिळतात, त्यांत नव्वदच्या आसपास नावं सापडतील. त्या वाचू नका असं मी म्हणणार नाही, पण निदान पहिली चार-पाच नावं स्वतः ठेवा. तुम्ही एखाद्या धुनेला 'घर' म्हणालात आणि यादीत तिचं नाव 'शायर' निघालं, तर तुम्ही बरोबरच ऐकलंत.

७. ऑर्केस्ट्रा एकदा समोर बसून पाहा

हेडफोनवर शंभर वाद्यं एका कानातून दुसऱ्या कानात जातात. समोर पाहिलं की आवाजाला जागा मिळते. मुंबईत राहून ही संधी सोडणं योग्य नाही.

नरिमन पॉइंटच्या एनसीपीएमध्ये (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, २००६ साली सुरू झालेला. त्यांचे मुख्य हंगाम साधारण फेब्रुवारी आणि सप्टेंबरच्या सुमाराला असतात आणि मोठे कार्यक्रम जमशेद भाभा थिएटरमध्ये होतात. चर्चगेटला उतरून मरीन ड्राइव्हच्या कडेने चालत जाता येतं; पाऊस असेल तर टॅक्सी करा. ओले बूट घालून तीन तास बसवत नाही.

शक्यतो बाल्कनीतली जागा घ्या. खालून फक्त व्हायोलिनवाल्यांच्या पाठी दिसतात. वरून मागच्या रांगेतले हॉर्न, ट्रोम्बोन, टिंपनी (मोठे नगारे) स्पष्ट दिसतात, आणि हॉर्न वाजवणारा हात भोंग्यात घालून आवाज कसा मऊ करतो तेही दिसतं. बोरोमीरच्या मागचा तो हॉर्न यानंतर तुम्हाला वेगळाच ऐकू येईल. एका रचनेच्या दोन भागांमध्ये टाळ्या वाजवत नाहीत. समोर उभं राहून हातांनी ऑर्केस्ट्रा चालवणाऱ्या कंडक्टरचे हात पूर्ण खाली येईपर्यंत थांबा.

चित्रपट संगीताचाच कार्यक्रम लागायची वाट पाहू नका. कुठलीही मोठी सिम्फनी चालेल.

धून पियानोवर वाजवून पाहायची असेल तर धोबी तलावचं फुर्टाडोज आहेच. १८६५पासूनचं दुकान. चित्रपट संगीताची सोप्या पियानोसाठी केलेली पुस्तकं तिथे मागा.

आणि हेही माहीत असावं की ही भाषा मुंबईला परकी नाही. नोटेशन वाचणाऱ्या गोव्याच्या वादकांनीच एकेकाळी हिंदी चित्रपटांचे ऑर्केस्ट्रा उभे केले. त्यांतले अँथनी गोन्साल्विस हे प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू.

८. फसायच्या जागा

साउंडट्रॅकचा अल्बम म्हणजे चित्रपटातलं संगीत नव्हे. अल्बममध्ये तुकडे जोडलेले, गाळलेले, पुढे-मागे केलेले असतात. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या पहिल्या अल्बमवर विसंबून क्रम लावलात तर वही चुकेल. २००५पासून निघालेली 'कम्प्लीट रेकॉर्डिंग्ज' मालिका वापरा; तिच्यात जवळजवळ सगळं संगीत कथेच्या क्रमाने आहे. मात्र ती चित्रपटाच्या वाढीव आवृत्तीवर बेतलेली आहे. तुम्ही थिएटरची आवृत्ती पाहत असाल तर वेळा जुळणार नाहीत. एकच आवृत्ती धरा, आणि वहीच्या पहिल्या पानावर कुठली ते लिहा.

लोकलमध्ये हे संगीत ऐकू नका. डब्याची घरघर आणि डबल बासचा खर्ज जवळपास एकाच पट्टीत असतात, त्यामुळे खालचा अख्खा मजला गायब होतो आणि तुम्हाला फक्त व्हायोलिन ऐकू येतात. शायरची धून निभावून जाईल, आयझेनगार्ड नाही. मोबाइलच्या स्पीकरचंही तेच.

कोरसचे शब्द समजत नाहीत म्हणून हिरमुसू नका. बऱ्याच जागी ते मूळ कादंबरीचा लेखक टोल्किन याने रचलेल्या भाषांत आहेत.

रोहन या घोडेस्वारांच्या राज्याच्या धुनेत एक व्हायोलिनसारखं पण खणखणीत, मागे घुमणारं वाद्य येतं. ते हार्डांगर फिडल, नॉर्वेचं. त्याच्या मुख्य तारांखाली सारंगीसारख्या तरफा असतात. आपल्याला तो आवाज लगेच जवळचा वाटतो आणि 'हे भारतीय वाटतं' असं लिहायचा मोह होतो. लिहू नका, घुमणं कुठून येतं ते कळलं की पुरे.

९. यानंतर कुठे जायचं

तिन्ही भाग वहीसह पाहून झाले की मागे जा. १९३३ सालचा 'किंग काँग' घ्या. मॅक्स स्टाइनर यांनी त्या प्रचंड वानराला खाली उतरणारे फक्त तीन स्वर दिले आहेत. तीन स्वरांत किती काम होतं ते बघा: तेच धाक घालतात, आणि शेवटी त्याच्यासाठी वाईट वाटायला लावणारेही तेच.

त्याहून मागे गेलात की जर्मन संगीतकार रिचर्ड वाग्नर. अंगठी, बुटके, शापित सोनं, ड्रॅगन, आणि या सगळ्यांच्या परत येणाऱ्या धुना, असं सगळं त्याच्या चार ऑपेरांच्या मालिकेत आहे. १८७६ साली बायरॉइटला ती पहिल्यांदा सलग झाली. चारही मिळून साधारण पंधरा तास होतात, त्यामुळे एकदम उडी मारू नका. पहिला, 'दास राइनगोल्ड', अडीच तासांचा आहे आणि मध्यंतराशिवाय होतो. सबटायटल्स लावा, हेडफोन घाला आणि आवाज नेहमीपेक्षा थोडा मोठा ठेवा, कारण सुरुवातीला डबल बासवर एकच खर्ज स्वर इतका हळू येतो की काही सुरू झालंय हेच कळत नाही. १३६ बार, म्हणजे तालाची तेवढी आवर्तनं, ऑर्केस्ट्रा त्या एकाच सुरावर उभा राहतो. पुढे नेऊ नका, तो भाग पूर्ण ऐका. राइन नदीची धून तिथेच जन्माला येते, आणि पुढे तुम्हाला ती पुन्हा ओळखायची आहे.